लिफ्टवाल्या बाईंचा खांब

थोरलीने एकदा लिफ्टला ‘बंद’ची पाटी लावली, की देवाच्या बापाने सांगितलं तरी ती निघायची नाही. बावीस वर्षं ती लिफ्ट तपासनीस आहे आणि बावीस वर्षं तिची हीच ख्याती आहे. अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत निळी डांगरी, कमरेला विजेरी, खिशात दोराची जाडी मापायचं कॅलिपर, आणि चेहरा असा, की तिला दारात बघून इमारतीचा चेअरमन आधी घसा खाकरतो. लिफ्टचा दोर म्हणजे बारीक तारा पिळून केलेला. त्यातल्या किती तुटल्यात हे ती नुसतं बघून सांगत नाही, दोरावरून कापसाचा बोळा फिरवते. जिथे कापूस अडकला तिथे तार तुटलेली. मोजायच्या, लिहायच्या, ठरलेल्या आकड्याच्या वर गेल्या की पाटी. मग हॉटेलचा मॅनेजर हातापाया पडो, नाहीतर सातव्या मजल्यावरचे काका कोर्टात खेचायची भाषा करोत. “तुम्ही ओरडा,” ती म्हणते, “तोवर मी लिहून घेते.”

तर बाई अशी खमकी. आणि ही खमकी बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी खांबावर नाचायला शिकली म्हटल्यावर तुम्ही फिदीफिदी हसणार, हे मला ठाऊक आहे. हसून घ्या. त्यात हसण्यासारखं जेवढं आहे तेवढं मी स्वतःच सांगणार आहे, काही लपवणार नाही. पण हसून झाल्यावर नीट ऐकायचं.

झालं असं, की एका जुन्या गोदामाच्या इमारतीतली लिफ्ट तिने बंद केली. दहा मिनिटांत चौथ्या मजल्यावरून एक बाई तरातरा खाली उतरली. पस्तिशीची, आणि दंड सुताराच्या दंडासारखे. “वर माझा क्लास असतो,” ती म्हणाली, “येणारे चार जिने चढूनच दमले तर मी शिकवू काय?” थोरलीने वाद घातला नाही. “या, दोर बघा,” म्हणाली आणि बोळा तिच्याच हातात दिला. बोळा तीन ठिकाणी अडकला. बाईने तो परत दिला आणि म्हणाली, “बंदच ठेवा. आणि दोर बदलला की तपासायला तुम्हीच या. दुसऱ्या कुणी पास केलेली मला चालणार नाही.”

बावीस वर्षांत असं कुणी म्हणालं नव्हतं. शिव्या दिल्या होत्या, पाकिटं पुढे केली होती, एकाने तर कुत्रा सोडला होता. पण बंदच ठेवा? थोरलीला ती बाई एकदम आवडून गेली.

दोर बदलल्यावर ती गेली, लिफ्ट पास केली आणि त्याच लिफ्टने चौथ्या मजल्यावर जाऊन बघून आली. लांबलचक खोली, एका भिंतीला आरसे, आणि जमिनीपासून छतापर्यंत आठ पोलादी खांब. मुठीत बसतील एवढे. थोरलीने आधी काय विचारलं असेल? “हे वर कशात बसवलेत? तुळईत, की नुसत्या प्लास्टरमध्ये?” बाईने कपाटातून फाईल काढून इंजिनिअरचं पत्रच दाखवलं. खालचा स्क्रू दाखवला. एक छोटी किल्ली फिरवली की खांब गरगर फिरतो, उलटी फिरवली की जागच्या जागी पक्का बसतो, तेही दाखवलं. रोज सकाळी आठही खांब हलवून बघते म्हणाली. थोरलीला कुठे बोट ठेवायला जागा सापडेना. “आता एकच तपासणी राहिली,” बाई म्हणाली. “धरून बघा.”

थोरलीने दोन्ही हातांनी खांब धरला, पाय उचलले आणि पोत्यासारखी बुडावर आपटली. खाली जाड गादी होती म्हणून निभावलं. बाई हसली नाही. “पाय उचलायच्या आधी खांदे खाली ओढायचे असतात,” ती म्हणाली. “कुणालाच माहीत नसतं. मंगळवारी सहा वाजता या.”

आणि थोरली गेली. का गेली हे तिला विचारलं तर ती म्हणते, पाठ दुखत होती. साफ खोटं. मला विचाराल तर सांगतो: आयुष्यभर टांगलेल्या वस्तू तपासून झाल्यावर तिला एकदा स्वतः टांगून घ्यायचं होतं.

क्लासमध्ये त्या बाईला सगळे ताई म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठे असलेलेही. ताईचे नियम ऐकून थोरलीला सासरी नव्हे, माहेरी आल्यासारखं वाटलं. अंगठी, घड्याळ, बांगडी, काही नाही. चढण्याआधी खांबाला हिसका द्यायचा आणि पिळून बघायचा, फिरता आहे की पक्का. दुसऱ्याच्या हातात देण्याआधी स्पिरिटच्या फडक्याने पुसायचा. नवीन काहीही करताना गादी हवी आणि शेजारी माणूस हवं. ज्या उंचीवरून नीट उतरता येत नाही तिथे चढायचंच नाही. आणि सगळ्यात मोठा नियम: आदल्या रात्रीपासून अंगाला तेल नाही, क्रीम नाही, काही म्हणजे काही नाही. कारण खांबाला कपडा धरत नाही, कातडी धरते. म्हणून तर अर्धी चड्डी. लोकांना त्यात भलतंच काहीतरी दिसतं. खरं कारण विचाराल तर ते एवढंच आहे. थोरलीला ते एका वाक्यात समजलं. लिफ्टचा ब्रेकही तसाच धरतो. ब्रेकच्या पट्टीला तेलाचं बोट लागलं तरी ती पाटी लावते.

समजणं वेगळं आणि येणं वेगळं. दोन महिने तिला खांबावर नुसतं बसता येईना. बसायचं म्हणजे दोन मांड्यांमध्ये खांब आवळून हात सोडायचे. तिथली कातडी अशी चिमटते की डोळ्यांसमोर काजवे चमकतात. पायांवर काळेनिळे डाग उठले. तालाचं तर नावच काढू नका. संगीत पुढे जायचं, थोरली मागून यायची. एकदा फेरा घेताना तिने शेजारच्या खांबावरच्या डॉक्टरीणबाईंच्या पोटात लाथ घातली आणि माफी मागताना हात सुटून स्वतःही पडली. तिची जोडी ताईने एका पोस्टमनशी लावली होती. पन्नाशीचा माणूस, ढेरी सुटलेली, बोलायला लागला की थांबायचं नाव नाही; पण खाली उभा राहून दुसऱ्याला सावरायला त्याच्यासारखा कुणी नव्हता. “तुम्ही पडा हो बाई,” तो म्हणायचा, “पार्सल झेलायची सवय आहे मला.”

पण थोरली सोडते होय? सहाव्या महिन्यात ती छतापर्यंत चढली. आठव्या महिन्यात पाय जमिनीला न टेकवता तीन फेरे घेतले. दहाव्या महिन्यात डोकं खाली, पाय वर झाली. आणि मग अडकली ती एका गोष्टीवर. उलटं होऊन डाव्या गुडघ्यामागची खोबण खांबाला अडकवायची, बाकी अख्खं शरीर खाली सोडायचं, आणि दोन्ही हात सुटे. क्लासमधल्या पोरीबाळी हे चार महिन्यांत करत होत्या. हिचा गुडघा धरायचा, पण मूठ उघडायची नाही. ताई म्हणायची, सोड, धरलंय तुला पायाने. डोकं म्हणायचं, सोड. हात ऐकायचे नाहीत. बावीस वर्षं लोकांना ‘एका दोरावर विसंबू नका’ लिहून देणाऱ्या बाईचे हात ते.

चौदाव्या महिन्यात एका गुरुवारी सुटले. तिला कळलंही नाही कधी. खोली उलटी दिसली, आरशात एक पांढऱ्या केसांची बाई वटवाघळासारखी लोंबत होती, आणि तिचे हात खाली मोकळे होते. तिला रडू आलं. उलटं रडलं की पाणी कपाळावरून केसांत जातं, हे तिला त्या दिवशी समजलं. पोस्टमनने खालून टाळ्या वाजवल्या आणि सावरायला मोकळे हात ठेवायचे असतात म्हणून ताईची बोलणी खाल्ली.

आता हे सगळं घरी कोणाला सांगायचं? घरी होती आई.

थोरलीने लग्न एकदा करून बघितलं होतं, नाही जमलं, परत आली. वडील लवकर गेलेले, धाकटी बहीण लग्न होऊन दुसऱ्या गावी. तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत मायलेकीच. आईने तीस वर्षं लॉन्ड्रीत इस्त्री केली होती. सत्तरी उलटली तरी हातात अशी ताकद, की बरणीचं झाकण थोरलीला निघायचं नाही ते आईने नुसतं धरलं तरी निघायचं. माया मात्र तिने कधी हाताने दाखवली नाही. तिची माया म्हणजे इस्त्रीची घडी. थोरलीची डांगरी रोज सकाळी कडक घडी घालून खुर्चीवर ठेवलेली असायची. बास, त्यात काय ते समजून घ्यायचं.

खांबाचं प्रकरण समजलं तेव्हा आईने हातातली इस्त्री खाली ठेवली, हेच मोठं होतं. “खांबाला लोंबकळायचं? चड्डी घालून?” ती म्हणाली. “तुझ्या वयाच्या बायका गुडघे धरून बसतात.” “म्हणूनच,” थोरली म्हणाली. त्यावर आईने तोंड फिरवलं आणि ते फिरवलेलंच ठेवलं. थोरली घरात अर्ध्या चड्डीत वावरली की आई भिंतीकडे बघून बोलायची. पायावरच्या डागांकडे तर चुकूनही नजर नाही. शेजारणीने विचारलं, तुमची थोरली संध्याकाळी जाते कुठे, तर आईने सांगितलं, जास्तीचं काम असतं. हे थोरलीने दाराआडून ऐकलं. चेअरमन, मॅनेजर, कुत्रा, कशानेही न हललेली ती बाई त्या दिवशी जेवली नाही.

हात सुटले त्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिने आईला सगळं सांगितलं, गुडघा कसा, हात कसे. आई शर्टाची कॉलर दाबत होती. “आणि पडली असतीस म्हणजे?” एवढंच म्हणाली.

वर्षातून एकदा ताई आपल्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम करायची. वस्तीतल्या सभागृहात, घरच्यांसाठी, रविवारी चार वाजता. थोरलीने नाव दिलं. तीन मिनिटांचा नाच, आणि शेवटी तो गुडघा, ते सुटे हात. तिला बक्षीस नको होतं, तिथे बक्षीस नव्हतंच. तिला एकच हवं होतं: आईने यावं आणि तोंड न फिरवता एकदा, फक्त एकदा, बघावं. पत्रिका तिने इस्त्रीच्या टेबलावर ठेवली. आठवडाभर आई तिच्या कडेकडेने इस्त्री करत राहिली.

कार्यक्रमाच्या आदल्या दोन दिवसांत थोरलीने एका हॉस्पिटलच्या नऊ लिफ्ट तपासल्या. नऊ मशीनच्या खोल्या, प्रत्येकीला लोखंडी शिडी. रविवारी सकाळी पायांचा पार भुगा झाला होता. अंघोळ करून, अर्धी चड्डी घालून ती कोचावर जरा आडवी झाली, ती गाढ झोपली.

जाग आली ती कापराच्या वासाने. डोळे उघडले तर पायाशी आई. मांडीवर टॉवेल, शेजारी कापराच्या तेलाची बाटली, आणि आईचे ते इस्त्रीवाले अंगठे तिच्या उजव्या पायावर, मांडीपासून घोट्यापर्यंत, सावकाश. डाग आला की अंगठा हलका व्हायचा, डाग संपला की परत जोर. पाय तेलात नुसता न्हाऊन निघाला होता.

“हललीस तर बघ,” आई म्हणाली. “दुखतंय ना? दिसतं मला.”

थोरलीच्या घशाशी शब्द आला होता. तेल नको. दोनच शब्द. पण आई पुढे बोलायला लागली, आणि भिंतीशी नाही, तिच्याशी. “किती हे काळंनिळं. मी म्हणत होते, बघायचंच नाही. पण झोपलेल्या माणसाचं दिसतंच की. काल धाकटीचा फोन आला होता. म्हणाली, आई, तू एकदा जाऊन तर बघ, मग नावं ठेव. तर येणार आहे मी. चारला ना?”

“चारला,” थोरली म्हणाली.

“मग हे दुखरे पाय घेऊन नाचणार होतीस? दुसरा कर पुढे.”

आता इथे जरा थांबा, कारण सगळं या एका क्षणात आहे. दुसरा म्हणजे डावा. अडकवायचा तो. डावा अजून कोरडा होता. उजवा घासूनपुसून कसाबसा निभावला असता. डावा कोरडा राहिला असता तर तो गुडघा धरणार होता, हात सुटणार होते, आईला दिसणार होतं. चौदा महिने. थोरलीला हे सगळं लख्ख माहीत होतं. ब्रेकच्या पट्टीला तेल लागलं की काय होतं हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार? आणि समोर आई, हात पुढे करून बसलेली. हिचे पाय आईने शेवटचे हातात घेतले होते तेव्हा ही नऊ वर्षांची होती आणि गुडघा फुटला होता.

थोरलीने डावा पाय पुढे केला. डोळे मिटले आणि पडून राहिली. आईने गुडघ्याच्या खोबणीत तेल ओतलं आणि अंगठ्याने चांगलं जिरवलं.

नंतर तिने काय काय नाही केलं. साबण तीनदा लावला. पीठ चोळलं. सभागृहात गेल्यावर स्पिरिट. पण कापराचं तेल एकदा कातडीत शिरलं की अंग तापल्याबरोबर परत वर येतं. बाजूच्या खोलीत सरावाचा एक खांब होता. खाली गादी ओढून, पोस्टमनला उभं करून, जमिनीपासून दीड हातावर तिने गुडघा अडकवून बघितला. वीतभर घसरला. परत बघितला. परत घसरला.

“चॉकची पूड थापा भरपूर,” पोस्टमन म्हणाला. “पाच सेकंदांचं तर काम. मी खालीच आहे. कोणाला समजतंय?”

खरं सांगायचं तर तिला मोह झाला. का होऊ नये? आई पहिल्यांदा येत होती, आणि आईचं काय सांगावं, कदाचित शेवटचीही. पाच सेकंद धरलं असतं कदाचित. पण ‘धरलं असतं कदाचित’ हे वाक्य ती बावीस वर्षं चेअरमन लोकांच्या तोंडून ऐकत आली होती. ते वाक्य ऐकून तिने एकाही लिफ्टला सोडलं नव्हतं. आता स्वतःला सोडायचं? ती फडक्याने तो खांब पुसून तडक ताईकडे गेली.

“ताई, माझं उलटं लटकणं आज बंद. पायाला तेल आहे. माझा नंबर शेवटचा करा, नाहीतर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतेल.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. या बाईच्या पायाला तेल? “कोणी लावलं?”

“मी लावून घेतलं,” थोरली म्हणाली. त्यात खोटं काही नव्हतं.

शेवटचा नंबर म्हणजे मानाचा, तो डॉक्टरीणबाईंचा होता. त्यांनी तोंड जरा वाकडं केलं पण दिला. राहिला प्रश्न पायांचा. उघडे पाय खांबाला लागून चालणार नव्हते. थोरलीने गाडीतून आपली डांगरी काढली. आईने सकाळीच घडी घालून दिलेली, सोमवारची. ती चढवली, कामाचे बूट घातले आणि पडद्यामागे उभी राहिली.

आई तिसऱ्या रांगेत होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात. थोरलीला फटीतून दिसत होती. एकेक जण येत होता. पोस्टमन ढेरीसकट उलटा झाला, तेव्हा आईने पर्स छातीशी धरली. डॉक्टरीणबाई छताशी जाऊन सरकन खाली आल्या, तेव्हा आईचा हात तोंडावर गेला. पण तोंड तिने फिरवलं नाही. एकदाही नाही.

मग डांगरीतली थोरली आली आणि लोक हसले. त्यांना वाटलं, काहीतरी विनोदी आहे, नाहीतर खांब दुरुस्त करायला माणूस आलाय. थोरलीने हसू दिलं. खांबाला हिसका दिला. पिळून बघितला. वर बघितलं, खाली बघितलं, फडक्याने वरपासून खालपर्यंत पुसला, आणि हे सगळं, जन्मात पहिल्यांदा, तालात. हे तिचं रोजचं काम होतं ना, त्याला ताल शिकवावा लागत नाही. लोक हसता हसता थांबले. तिने खांदे खाली ओढले आणि पाय उचलले.

पाय डोक्याच्या वर एकदाही गेले नाहीत. सगळं हातांवर. एक फेरा, दुसरा, तिसरा, चौथा, पाचवा, जमिनीला बूट न लावता. मग हात ताठ, अंग आडवं, खांबापासून लांब, आणि तसंच थांबलेलं. दंड थरथरतायत पण जागा सोडत नाहीत. मागच्या रांगेतून कोणीतरी श्वास सोडल्याचं ऐकू आलं. ती खाली उतरली तेव्हा त्या जाड तळव्यांच्या बुटांचा आवाजसुद्धा झाला नाही. एवढ्या टाळ्या त्या संध्याकाळी दुसऱ्या कोणाला पडल्या नाहीत. हे मी तिच्या बाजूचा म्हणून सांगत नाही, ताईही हेच सांगेल.

आई बाहेरच्या बाकावर बसून वाट बघत होती. थोरली येऊन शेजारी बसली. आई म्हणाली, “हात चांगले आहेत तुझे. माझ्यावर गेलेत.”

आईच्या तोंडून याहून मोठं कौतुक थोरलीने कधी ऐकलं नव्हतं. तिथेच उठून घरी गेल्या असत्या तरी चाललं असतं. पण आई पुढे म्हणाली, “ते सगळे उलटे झाले. तो पोटवालासुद्धा. तू नाही झालीस. तू तर म्हणाली होतीस, हात सोडून लटकते. येत नाही का तुला?”

“येतं.”

“मग?”

थोरलीने आयुष्यात कधी खोटा अहवाल लिहिला नव्हता आणि खरा सांगायला जीभ उचलत नव्हती. ती बुटाच्या नाडीशी चाळा करत बसली. तेवढ्यात पिशवी खांद्याला लावून पोस्टमन निघाला होता. “काकू, काय दंड आहेत हो तुमच्या लेकीचे,” तो जाता जाता म्हणाला. “पायाला तेल लागलं म्हणून, नाहीतर ते उलटं लटकणं बघितलं असतंत तर खुर्चीवरून पडला असतात.” आणि गेला. पोस्टमनच तो, बातमी पोचवल्याशिवाय राहणार कसा.

आईने आपले तळवे बघितले. एकदा सुलटे, एकदा उलटे.

“तेल चालत नाही त्याला?”

“नाही.”

“उजव्या पायाच्या वेळी तू झोपेत होतीस,” आई सावकाश म्हणाली. इस्त्रीवाली बाई, कुठली घडी कधी पडली ते तिला बरोबर सांगता येतं. “डाव्याच्या वेळी जागी होतीस.”

“हो.”

“माहीत होतं तुला?”

“हो.”

“मग पाय पुढे का केलास?”

थोरलीचा आवाज फुटला. “लटकणं काय गं, मंगळवारी पण होईल. तू माझा पाय मागितलास. मी अडतीस वर्षं वाट बघितली त्याची, मी नाही म्हणू?”

आईने तिला बावळट म्हटलं. एवढी मोठी बाई आणि अक्कल कवडीची नाही, असंही म्हटलं. मग पर्समधून रुमाल काढला, थोरलीला दिला, पुन्हा तिच्या हातातून घेऊन स्वतःचे डोळे पुसले, आणि घरापर्यंत तिचा दंड सोडला नाही.

मंगळवारी निघायच्या आधी आईने साबणाने दोनदा हात धुतले आणि वाटेत थोरलीला हात लावू दिला नाही. जिन्यात शेजारीण भेटली. कुठे निघालात दोघी, तिने विचारलं. “हिच्या क्लासला,” आई म्हणाली. “ही खांबावर नाचते. हात सोडून उलटी लटकते. तुला येतं का?” शेजारीण काय म्हणाली ते ऐकायला ती थांबली नाही.

ताईने गादीच्या कडेला खुर्ची दिली. थोरलीने खांब पुसला, हिसका दिला, चढली. पोस्टमन खाली उभा राहिला, हात मोकळे ठेवून. ती उलटी झाली, डावा गुडघा खांबात बसला, अंग खाली आलं. “पाच आकडे थांबायचं,” ताई म्हणाली. “काकू, तुम्ही मोजा.”

थोरलीने हात सोडले. खोली उलटी झाली. आई उलटी दिसायला लागली, खुर्चीच्या टोकावर पुढे सरकून बसलेली.

“एक,” आई म्हणाली. मग कितीतरी वेळाने, “दोन.” मग काहीच नाही. गुडघ्यामागची कातडी पेटली होती, डोक्यात रक्त उतरत होतं, आणि तिसरा आकडा काही येईना.

“आई, मोज की लवकर.”

“गप्प लटक,” आई म्हणाली. “मी बघतेय.”